तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

गुडघे दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, "पोस्टात आहे. पत्रं वाटते." तो हसला. "अजून असतं का ते?" असतं, म्हटलं, तुमच्याच दवाखान्याला गेल्या मंगळवारी दोन नोटिसा दिल्यात. मग हसला नाही. बाकीच्या पेशंटच्या गुडघ्यावर तो नुसता तळहात ठेवतो आणि दुखणं उतरतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून काही उपयोग नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि जिने टाळायला सांगितलं. सदाशिव पेठेत पत्रं वाटणाऱ्या बाईला जिने टाळायला सांगणाऱ्या माणसाचं शिक्षण कुठं झालं असेल, याचा विचार करत मी त्याचे दोन मजले उतरून खाली आले.

मी कोरी आहे. म्हणजे माझ्या हातून जादू होत नाही, आणि दुसऱ्यानं केलेली मला दिसत नाही, ऐकू येत नाही, लागतही नाही. गल्लीत एखादं माणूस असं निघतं. सगळं शहर पाण्यावर बोलतं. तांब्याभर पाणी पुढ्यात घ्यायचं, ज्याला निरोप द्यायचा त्याचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा आणि बोलायचं. त्याच्या घरच्या पाण्यातून त्याला ते ऐकू जातं. हल्लीची मुलं चालता चालता बाटलीतल्या पाण्यावर बोलतात. माझ्या घरातलं पाणी हे नुसतं पाणी आहे. ते पिते आणि त्यानं भांडी घासते.

अशा शहरात टपाल का टिकलं, असं मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. एक तर कोऱ्या माणसांना दुसरा मार्ग नाही. आणि दुसरं म्हणजे, पाण्यावरच्या निरोपात आवाजाबरोबर मनातलंही जातं. राग असेल तर राग जातो, कंटाळा असेल तर कंटाळा जातो. तिथं "आपला नम्र" म्हणायची सोय नाही. त्यामुळे ज्यांना मनात एक ठेवून दुसरं बोलायचं असतं ते सगळे कागद वापरतात: बँका, वकील, सोसायट्यांचे चेअरमन आणि लग्नाची बोलणी मोडणारी माणसं. माझी पिशवी जड असते ती यांच्यामुळे.

पत्रं वाटायला आम्हा कोऱ्यांनाच घेतात, त्यालाही कारण आहे. नोटीस येणार असा वास लागला की लोक दार लपवतात. येणाऱ्याला नुसती भिंत दिसते. मला दार दिसतं. एका दाराला तर पाटी होती: "दार दिसत असल्यास बेल वाजवू नये." मी वाजवली. आतून एक गृहस्थ म्हणाले, "पाटी वाचता येत नाही का?" म्हटलं, "पाटी वाचली म्हणूनच कळलं की आत माणूस आहे." सही देताना पेन असं आपटलं की त्याचं टोक गेलं. पेन माझं होतं.

पूर्वी या गोष्टींची गंमत वाटायची. आता वाटत नाही. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, आणि मी थकले आहे. माझ्याभोवतीच्या स्कूटरी खड्डा आला की हातभर वर उठून पुढे जातात. माझी प्रत्येक खड्ड्यात शिरून बाहेर येते. सगळ्यांना पेठ रंगवलेली, उजळलेली दिसते म्हणे. मला उडालेलं प्लास्टर दिसतं, वायरी दिसतात, सुंदर दिसणाऱ्या बायकांचे ओढलेले चेहरे दिसतात. सव्वीस वर्षं जे आहे ते बघितलं, की माणूस शहाणं होत नाही, नुसतं दमतं.

माझ्या बीटवर, म्हणजे वाटपाच्या भागात, एक तीन मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. खालच्या खोल्यांत परीक्षा देणारी मुलं राहतात. त्यातला एक रोज जिन्यात अडवून विचारतो, "मॅडम, माझं कॉल लेटर? ॲक्च्युअली डिस्पॅच दाखवतंय, पण पुढे काही अपडेटच नाही." मी रोज नाही म्हणते आणि तो रोज "इट्स ओके" म्हणतो. दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात, दिवसातून चार वेळा जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या. आणि तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायचं. काका कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. काकू गोऱ्या, बुटक्या, मोठ्यानं बोलणाऱ्या.

त्यांच्याकडे महिन्याला दोन पोस्टकार्डं यायची, विश्रांतवाडीहून. काकूंची धाकटी बहीण तिकडे राहते, आणि ती माझ्यासारखी कोरी. पाण्यावर बोलणं शक्य नाही, आणि कमरेचं हाड मोडल्यापासून प्रवास बंद. एकाच शहरातल्या दोन बहिणी, पण पोस्टकार्डावर संसार चाललेला. पोस्टकार्ड उघडं असतं. वाचायचं नाही असं ठरवलं तरी जिना चढताना नजर जाते. "ती. सौ. ताईस सा. न. वि. वि." अशी सुरुवात आणि मग कार्डभर नुसता स्वयंपाक: काय केलं, काय बिघडलं, कोणाला वाढलं. काकू दारातच वाचायच्या, मला बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि तिथल्या तिथं उत्तर लिहून माझ्या हातात ठेवायच्या. गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर काका, दुसरी काकूंची. काकू उभ्या राहून लिहायच्या आणि स्वतःची खुर्ची मला द्यायच्या. माझ्या सगळ्या बीटवर बसायला मिळणारी ती एकच जागा होती.

चार महिन्यांपूर्वी एक दिवस दार काकांनी उघडलं. कार्ड घेतलं. गॅलरीतली काकूंची खुर्ची रिकामी होती, आणि काका त्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "आलं गं तुझं पत्र." मग कार्ड समोरच्या स्टुलावर ठेवलं. वहिनी मागून वर आल्या, हातात वाटी. खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "काकू, आज तुमच्या आवडीची भोपळ्याची भाजी." आणि माझ्याकडे वळून डोळे मोठे केले: बोलू नका.

मला कळलं. काकू गेल्या होत्या आणि त्यांनी छाया ठेवली होती.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. शेवटच्या दिवसांत अंगात बळ उरलं असेल तर माणूस आपली छाया मागे ठेवतं. ती रोजच्या जागी बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते, हसते. बोलत नाही, काही उचलत नाही, पेन धरू शकत नाही. सगळ्यांना माहीत असतं ती काय आहे, आणि कोणी तसं म्हणत नाही. शेजारीपाजारी येऊन बसतात, तिच्याशी बोलतात. वर्ष-दोन वर्षांत ती आपली आपण फिकी होते आणि तोवर घराला सवय झालेली असते. तिला धोका फक्त आमचा. कोऱ्या माणसाच्या तोंडून किंवा हातून "गेली" किंवा त्याच अर्थाचा शब्द निघाला, मग तो कुठंही निघो, की छाया त्या क्षणी विरते. पुन्हा येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आईला, भावाला, आत्याला बाबा खाटेवर बसलेले दिसत होते. मला नुसती खाट दिसत होती. दोन महिने मी त्या खाटेशी बोलायचं नाटक केलं. एक दिवस आई म्हणाली, "बाबांना चादर दे गं, गारठलेत," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, बाबा नाहीत. बाबा गेले." आईनं खाटेकडे बघितलं आणि जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. मला काहीच झालेलं दिसलं नाही. आधी रिकामी होती, नंतर रिकामी होती. त्यानंतर आई माझ्याशी नऊ वर्षं बोलली नाही, आणि बोलायला लागली तेव्हाही ती माझ्याकडे बघून बोलत नसे.

म्हणून मी काकांच्या दारात जिभेला कुलूप घातलं. कार्ड द्यायचं, खुर्चीकडे बघून "काय काकू" म्हणायचं, आणि दाराची चौकट धरून उभं राहायचं. तीन मजले चढल्यावर गुडघे ठणकत असायचे, समोर धडधडीत रिकामी खुर्ची, आणि तिच्यावर बसता येत नाही. कधी कधी मला काकूंचा राग यायचा, खरं सांगते.

कार्डं येत राहिली, उत्तरं जाईनाशी झाली. विश्रांतवाडीच्या बाई आधी रागावल्या, मग रुसल्या, मग घाबरल्या. त्यांच्या शेजारणीनं पाण्यावर निरोप पाठवून चौकशी केली होती. या इमारतीतून उत्तर गेलं की आहेत, बसल्यात गॅलरीत. ते खोटंही नव्हतं. बाईंना खरं सांगितलं तर त्या रडतील, बोलतील, आणि त्या कोऱ्या; छाया मोडेल. म्हणून कोणीच सांगत नव्हतं. शेवटच्या कार्डावर चारच ओळी होत्या. "ताई, सगळे म्हणतात तू बरी आहेस. मग तू लिहीत का नाहीस? माझं काही चुकलं असेल तर तेही लिहू नकोस. नुसतं नाव लिहून पाठव." ते कार्ड मी काकांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि स्टुलावरच्या ढिगावर ठेवलं.

पुढच्या आठवड्यात विश्रांतवाडीहून रजिस्टर आलं. काकूंच्या नावे, पोचपावतीसह, वर लाल शाईत लिहिलेलं: फक्त घेणाऱ्याच्याच हाती. पाठवणाऱ्या बाईंनी अक्कल लढवली होती. छायेला सही करता येत नाही, हे कोऱ्या माणसाइतकं कोणाला कळणार? सहीची पोचपावती परत गेली तर ताई आहे. नाही गेली, तर पाकिटावर माझा शेरा जाणार.

आमच्याकडे शेरे ठरलेले आहेत. घर बंद. स्थलांतर. घेण्यास नकार. मयत. पोस्टमास्तर तरुण आहेत, पण फार वाईट माणूस नाही. म्हणाले, "सात दिवस ठेवता येतं. मग 'नकार' लिहा आणि मोकळ्या व्हा. कशाला उगाच?"

"नकार लिहिलं तर तिला वाटेल, बहिणीनं पत्र नाकारलं."

"मग 'घर बंद' लिहा."

"घर बंद नाहीये."

"अहो बाई, तुम्ही निवृत्त होताय. आता काय तत्त्वं काढता?" असं म्हणून ते आत गेले. तत्त्वाचा प्रश्न नव्हता. मला दोन्हीकडून भीती वाटत होती. खरं लिहिलं तर काकांचं घर मी मोडणार होते, जसं आईचं मोडलं. खोटं लिहिलं तर विश्रांतवाडीत एक बाई, मोडक्या कमरेची, बहिणीनं आपल्याला टाकलं असं समजून उरलेले दिवस काढणार होती.

पहिल्या दिवशी मी काकांना पाकीट दाखवलं. ते म्हणाले, "मी करतो सही."

"काकूंचीच लागेल, काका."

"बरं नाही तिला. उद्या या."

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "अहो, तुम्हाला काही माणुसकी? त्या म्हाताऱ्याचा तेवढाच आधार आहे. रोज संध्याकाळी मला विचारतात, आज कशी दिसते ती. मी सांगते, तजेलदार दिसतात. तेवढ्यावर माणूस जगतोय." दोन मजले उतरून खाली आल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकली. छाया समोर बसलेली असताना, ती कशी दिसते हे काका दुसऱ्याला का विचारत होते?

सातव्या दिवशी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. काकांनी दार उघडलं आणि पाकिटाकडे बघितलं. "आज शेवटचा दिवस का?"

"हो."

"तुम्हाला ती दिसत नाही. बरोबर?"

"नाही काका. मला खुर्ची दिसते."

त्यांनी जिन्याकडे बघितलं, मला आत घेऊन दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मलाही."

मी चौकट घट्ट धरली.

काका सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात कोऱ्याचे कोरे होते. त्यांच्या घरच्यांनी लग्न जमवताना लपवलं, मग त्यांनी लपवलं. काकूंच्या हाताला जादू होती. दिवाळीला त्यांच्या रांगोळीतले पक्षी उडून गॅलरीच्या कठड्यावर बसायचे, असं सगळी इमारत सांगते. काकांनी एकही पक्षी बघितला नव्हता. "लोक असले की त्यांचे चेहरे बघायचो," ते म्हणाले. "ते 'वा' म्हणाले की मीही म्हणायचो."

"आणि दोघंच असताना दाखवलं तर?"

"तेव्हा तिच्याकडे बघायचो. करताना तिचे खांदे वर असायचे. झालं की खाली यायचे. मग म्हणायचं, वा. कधी चुकलो नाही. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून तर ही छाया ठेवून बसली माझ्यासाठी. दवाखान्यातून एकटाच परत आलो, वहिनींनी कुलूप काढलं, आणि गॅलरीकडे बघून त्यांनी हात जोडले. तेव्हा मला कळलं की ती तिथं बसलीय. तिनं केलेलं शेवटचं काम ते. ते मी कसं मोडू? चार महिन्यांत तो शब्द मी तोंडातून काढलेला नाही, बाई. झोपेत निघेल म्हणून तोंडाला रुमाल बांधून झोपतो."

मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. कोणालाच सांगितली नव्हती. सांगून म्हटलं, "मला हे लिहायचं नाही, काका. माझ्या हातून दुसऱ्यांदा नको. पण ती बाई तिकडे वाट बघतीये. तिचा काय दोष?"

त्यांनी स्टुलावरची कार्डं उचलली, एकावर एक नीट लावली. मग दार उघडून जिन्यात हाक मारली, "वहिनी, जरा वर येता?"

वहिनी ओल्या हातांनीच आल्या. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. काका आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, आज कशी दिसते ती? नीट बघून सांगा. सगळं सांगा."

वहिनी गोंधळल्या, पण सांगायला लागल्या. हिरवी साडी आहे, बारीक काठाची. केस आत्ताच विंचरल्यासारखे. डावा हात खुर्चीच्या हातावर आहे, तुमच्या हाताजवळ. बांगड्या आहेत. चष्मा नाही. "आणि तुमच्याकडेच बघतायत, काका."

"हसते आहे?"

"थोडं. हो."

काकांनी आपला हात शेजारच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, वहिनींनी सांगितला तिथंच. मला वेत दिसत होता आणि त्यावर म्हाताऱ्या माणसाचा हात. ते रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "वा." आणि मग माझ्याकडे वळून, स्पष्ट आवाजात म्हणाले, "लिहा, बाई. ती गेली. श्रावणात गेली."

वहिनी ओरडल्या. "काका! अहो काका, हे काय..." आणि मधेच थांबल्या. खुर्चीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. छाया कोणाच्या शब्दानं मोडते हे पेठेतल्या लहान पोरालाही माहीत असतं. "म्हणजे तुम्ही..." त्या म्हणाल्या, आणि मटकन खाली बसून रडायला लागल्या.

काकांना आणि मला काहीच वेगळं दिसलं नाही. आधी रिकामी होती तशीच नंतर रिकामी. पण या वेळी ते बघणारी मी एकटी नव्हते. मी पाकिटावर "मयत" असं लिहिलं, तारीख घातली, सही केली. माझ्या शब्दानं मोडायला आता काही उरलं नव्हतं. ती नुसती शाई होती. ते काम काकांनी माझ्या आधी, स्वतः उरकलं होतं, आणि कशासाठी ते मला कळत होतं. मी रडले, अगदी ड्यूटीच्या कपड्यांत.

"हे पाकीट तिच्याकडे कधी पोचेल?" काकांनी विचारलं.

"परवा. नाही तर तेरवा."

"तिनं हे असं पाकिटावर वाचायचं?"

"स्वारगेटवरून आळंदीची बस सुटते, ती विश्रांतवाडीवरून जाते," मी म्हटलं. "सकाळी गर्दी कमी असते. टपालाच्या आधी पोचाल."

दुसऱ्या दिवशी ते गेले. कार्डांचा गठ्ठा बरोबर घेऊन गेले, असं वहिनींनी सांगितलं. वहिनी माझ्याशी तुटक बोलत होत्या, पण बोलत होत्या. संध्याकाळी काका परत आले तेव्हा वहिनींनीच डाळ-भात वर नेऊन दिला म्हणे, आणि अर्धा तास बसल्या.

पुढचे दहा-बारा दिवस तिसऱ्या मजल्यावर काही टपाल नव्हतं. मी खालूनच वर बघून पुढे जायची. मग एका दुपारी सॉर्टिंग करताना ते ओळखीचं अक्षर दिसलं. विश्रांतवाडीचं कार्ड, पण या वेळी काकांच्या नावानं. मी ते जिन्यात वाचलं नाही. जन्मात पहिल्यांदा पालथं धरून नेलं.

काकांनी दारात उभं राहून वाचलं. पुन्हा वाचलं. मग कार्ड माझ्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं वाचा."

नमस्कार, कुशल वगैरे झाल्यावर बाईंनी लिहिलं होतं: "तुम्ही त्या दिवशी म्हणालात की ताईला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिते. ती माझ्यासोबत वाढली होती. कोरं माणूस तिला पहिल्या दिवाळीलाच ओळखू आलं. मी तिला म्हटलं होतं, मग त्यांना सांगून टाक. तर म्हणाली, नको गं, त्यांना वाईट वाटेल. झालं की मी खांदे खाली सोडते, म्हणजे त्यांना 'वा' म्हणायचं कळतं."

काका गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. पाठ माझ्याकडे. तिथूनच म्हणाले, "मग मला दिसणार नाही हे माहीत असून तिनं छाया कशाला ठेवली?"

मी उत्तर द्यायची गरज नव्हती. स्टुलावर वहिनींची झाकलेली वाटी होती, तिच्या शेजारी खालच्या मुलांनी आणून दिलेला ब्रेडचा पुडा. चार महिने काकूंच्या खुर्चीला भेटायला या घरात रोज कोणी ना कोणी आलं होतं, आणि येता येता त्यांना काकांकडे यायची सवय लागली होती. काकांनीही वाटीकडे बघितलं. त्यांना माझ्याआधीच कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा पुसला.

मग त्यांनी वेताची ती खुर्ची उचलली, गॅलरीतून आत आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"उभ्या का?" ते म्हणाले. "बसा ना. रिकामी आहे."

मी बसले. त्यांनी पाण्याचा तांब्या आणला, आणि आम्ही दोघं पाणी प्यायलो.